टर्बो इंजिनाला किती उष्णता मानवते?

टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरतो आणि ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते; सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तसंच. टर्बोतून निघताना ती 100 अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. तापलेली हवा विरळ, त्यामुळे तिच्यात ऑक्सिजन कमी. शिवाय ज्वाळा पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. सेन्सरला त्याची चाहूल लागली की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी उशिरा टाकतो, गरज पडल्यास बूस्टही कमी करतो. इंजिन वाचतं, ताकद मात्र घटते.

म्हणून टर्बो आणि सिलिंडरच्या मध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर बसवतात. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये तो इंजिनाच्या वरच असतो आणि बॉनेटवरच्या झरोक्यातून वारा घेतो. गाडी सिग्नलला थांबली की वारा बंद, खालून धग मात्र चालूच. म्हणून इंटरकूलरवर पाणी फवारण्याची सोय काही मॉडेलमध्ये दिलेली होती.

याचा अर्थ इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, असा नाही. थंड ऑइल घट्ट असतं आणि त्याच ऑइलच्या आधाराने फिरणारा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. तोवर अ‍ॅक्सिलरेटर हलकाच ठेवावा. गाडी दामटल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मगच इंजिन बंद करावं. नाहीतर टर्बोत अडकलेलं ऑइल करपून कार्बन साचतो.