मळीपासून लॅक्टिक ॲसिड… पण जिप्समचं काय?

पीएच.डी.साठी विषय शोधताय आणि ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असं काहीतरी डोक्यात आहे? मग प्रपोजल लिहिण्याआधी कागद-पेन घ्या. एक छोटा हिशेब करू.

साखर कारखान्याच्या मळीत वजनाच्या साधारण निम्मी साखर असते. म्हणजे जिवाणूंना आयतं खाद्य! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी या जिवाणूचे सुधारित स्ट्रेन तयार करून उसाच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड मिळवण्यावर काम झालंय. याच ॲसिडपासून पीएलए हे विघटनशील प्लास्टिक बनतं.

आता अडचण बघा. जिवाणू ॲसिड बनवतो, त्याने पीएच घसरतो आणि त्याचीच वाढ थांबते. म्हणून फर्मेंटेशन चालू असताना चुना टाकत राहावं लागतं. त्यातून कॅल्शियम लॅक्टेट तयार होतं. त्यातलं ॲसिड सोडवायला सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, की तळाशी जिप्समचा गाळ बसतो.

किती? १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त १८० ग्रॅम लॅक्टिक ॲसिड मिळतं आणि सोबत १७२ ग्रॅम जिप्सम. टनामागे जवळपास टनभर! एक टाकाऊ पदार्थ संपवताना आपण दुसरा तयार केला.

यावर एक वाट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर सुचवतं. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो आणि त्यातही जिवाणू मजेत जगतात. अशा अल्कलीप्रेमी जिवाणूंपैकी काही बॅसिलस पीएच ९ लाही लॅक्टिक ॲसिड बनवतात. फायदे दोन. एवढ्या पीएचला बाहेरचे बहुतेक जंतू तग धरत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाची वाफ वाचू शकते. शिवाय चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरला, तर जिप्समचा प्रश्नच येत नाही.

पण फुकट काहीच नसतं. आता सोडियम लॅक्टेट पाण्यात विरघळलेलंच राहतं. त्यातून ॲसिड वेगळं काढायला इलेक्ट्रोडायलिसिससारखी पद्धत लागते, म्हणजे वीज आली. अडचण संपली नाही, फ्लास्कमधून पुढच्या टप्प्यावर सरकली.

म्हणून प्रपोजलमध्ये फक्त ‘इतके ग्रॅम मिळाले’ लिहून थांबू नका. काय काय घातलं, काय उरलं आणि उरलेलं कुठे जाणार, हे तीन रकाने आधी भरा. तुमचा खरा प्रश्न बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडेल.

आणि हो, लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. बाटली घेऊन जाण्याआधी वनविभागाची परवानगी घ्या!