परदेशातली इंटर्नशिप : पेण-रोह्यातले समज आणि प्रत्यक्षातले नियम

‘अमेरिकेत इंटर्नशिप करायची तर कंपनीने व्हिसा काढून द्यावा लागतो, आणि तो लॉटरीवर असतो.’ मुलगा किंवा मुलगी एमएसला निघाली की पेण-रोह्यातल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. लॉटरी असते ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला इंटर्नशिपची परवानगी त्याचं विद्यापीठच देतं. तिला सीपीटी म्हणतात. कंपनीचं ऑफर लेटर आणायचं, हे काम अभ्यासक्रमाचा भाग आहे अशी विभागाची मान्यता घ्यायची, आणि मग इंटरनॅशनल ऑफिसमधला अधिकारी सरकारी प्रणालीत नोंद करून आय-२० हे प्रमाणपत्र नव्याने देतो. त्यावर कंपनीचं नाव आणि कामाच्या तारखा छापलेल्या असतात. कंपनीला सरकारकडे एक डॉलरही भरावा लागत नाही. लहान कंपन्यांच्या एचआरला हे बऱ्याचदा माहीतच नसतं आणि त्या नुसत्या भीतीपोटी नकार देतात. म्हणून ही सगळी प्रक्रिया चार वाक्यांत समजावून सांगता आलीच पाहिजे. ‘पुढे नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?’ या कंपनीच्या प्रश्नाला मात्र खरं तेच उत्तर द्यावं. संरक्षण क्षेत्रातल्या बऱ्याच जागा फक्त तिथल्या नागरिकांसाठी असतात, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

सीपीटीसाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं. ऑगस्टमध्ये गेलेल्याची दोन सेमिस्टर मेमध्ये संपतात, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात तो पात्र ठरतो. सीपीटी पूर्णवेळ बारा महिने किंवा त्याहून जास्त वापरली, तर शिक्षणानंतर काम करण्याची ओपीटी ही परवानगी हातची जाते. ही ओपीटी बारा महिन्यांची असते आणि तंत्रज्ञान-विज्ञान शाखांना आणखी चोवीस महिने मिळतात, तेव्हा ती घालवणं फार महागात पडतं. ‘पगार घेत नाही, मग परवानगी कशाला?’ हा समजही तितकाच घातक आहे. ज्या कामाचे एरवी पैसे दिले जातात ते फुकट केलं तरी ते कामच धरलं जाऊ शकतं. आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं, मगच कामाला हात लावावा.

‘पहिल्या दिवसापासून काम’ देतो म्हणणाऱ्या संस्थांपासून तर चार हात लांबच राहावं. मिशिगनमधलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ हे विद्यापीठ अमेरिकी तपासयंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलेलं होतं. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या १३० विद्यार्थ्यांवर कारवाई झाली तेव्हा त्यातले १२९ भारतीय निघाले.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ‘आधी रुळू दे, मग बघू’ या समजुतीने. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची शेवटची घाई चाललेली असते, त्याच सुमारास आपली मुलं तिकडे उतरतात. खोली, बँकेचं खातं, पहिली असाइनमेंट यांत गणपती कधी येऊन गेले ते कळतही नाही. मोठ्या टेक कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या जागा नेमक्या याच दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, उघडतात आणि अनेक जागा दिवाळीपर्यंत भरूनही जातात. जानेवारीत शोधायला लागलेल्याला मिळत नाही असं नाही. लहान कंपन्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळा वसंतातही घेतात. पण पहिली फळी गेलेली असते. म्हणून रेझ्युमे आणि कोडिंगच्या परीक्षेची तयारी जुलैत, घरी असतानाच झालेली हवी.

‘आयआयटीच्या मुलांनाच घेतात, लोणेऱ्याच्या किंवा पनवेलच्या कॉलेजला कोण विचारतं?’ मोठ्या कॉलेजच्या नावाने दार लवकर उघडतं, हे मान्य. पण दार उघडल्यावर मुलाखत घेणारा विचारतो ते केलेल्या कामाबद्दल. रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला गेले आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. गाव तेव्हाही आडवं आलं नव्हतं.

काम कसं दिसावं याचं एक उदाहरण देतो. रेझ्युमेवर ‘ऑनलाइन गणपती बुकिंग सिस्टिम, पीएचपी, मायएसक्यूएल’ एवढंच लिहिलं असेल, तर ते कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. समजा, त्याच विद्यार्थ्याने हमरापूरच्या एखाद्या कारखान्यात बसून बुकिंगची वही पाहिली. मूर्तीची उंची, शाडूची की प्लास्टरची, कोणता साचा, बयाणा किती दिला, मूर्ती कधी न्यायची. त्याच्या लक्षात आलं की घाईच्या दिवसांत एकाच मूर्तीवर दोन गिऱ्हाइकांची नावं चढू शकतात. मग दोन मोबाइलवरून एकाच क्षणी नोंद आली तर दुसरी कशी अडवायची, नेट गेलं तर नोंद फोनमध्ये कशी साठवायची आणि नंतर कशी जुळवायची, हे त्याने कोडमध्ये सोडवलं, कोड गिटहबवर ठेवला आणि एका हंगामात कारखानदाराला वापरायला दिला. हीच अडचण विमानाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीलाही असते. सिअ‍ॅटलमधला इंजिनिअर यावर अर्धा तास बोलेल, कारण त्याचा दिवस अशाच अडचणींत जातो. धाटाव एमआयडीसीत प्रशिक्षण घेतलेल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलीने रिअ‍ॅक्टरच्या तापमानाच्या नोंदी अभ्यासून अलार्म उगीच का वाजतो हे शोधलं असेल, तर तेही ठळक अक्षरांत लिहिण्यासारखं काम आहे. आपली मुलं हे सगळं ‘गावातलं काम’ म्हणून रेझ्युमेवरून खोडून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेखेरीजही वाटा आहेत आणि प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे. जर्मनीत आपल्याकडच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्या दिवसांत मोजली जात नाही, मात्र तिला किमान वेतनाचा कायदाही लागू होत नाही. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तर ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. हे आकडे सरकारं बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत.

भारतात शिकत असतानाच अमेरिकेतल्या कंपनीत जायचं असेल तर त्यासाठी जे-१ इंटर्न व्हिसा असतो. शिकणारे किंवा पदवी घेऊन बारा महिने न झालेले यात बसतात. मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्थेचं डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र आणि कामाचा लेखी आराखडा त्याला लागतो. टुरिस्ट व्हिसावर इंटर्नशिप होत नाही, कोणी काहीही सांगो.

आणि पासपोर्टही न काढता जगभरच्या इंजिनिअरांबरोबर काम करता येतं, हे तर अनेकांना ठाऊकच नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. अठरा वर्षांवरचा, ओपन सोर्समध्ये नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो आणि काम घरून होतं. ही नोकरी नव्हे, पण मानधन मिळतं आणि केलेलं काम सगळ्यांना उघड दिसतं. प्रस्ताव साधारण मार्च-एप्रिलमध्ये जातात, पण निवडलेल्या प्रकल्पात दिवाळीपासूनच छोटे बग दुरुस्त करत राहिलेल्याचा प्रस्ताव भक्कम होतो. कामाचे महिने ऐन पावसाळ्यात येतात. कुंडलिकेला पूर आला, दोन दिवस वीज गेली, तर मेंटॉरला तसं वेळेवर कळवावं. तो समजून घेतो, गप्प बसलेल्याला मात्र नापास करतो.

‘इंटर्नशिपमधून फी फिटते’ या भरवशावर जमीन गहाण टाकू नये. अमेरिकेत उन्हाळ्याची इंटर्नशिप दहा-बारा आठवड्यांची असते आणि सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच. पगार चांगला असला तरी त्यातून तिथला राहण्याचा खर्च आधी जातो. करात थोडी सवलत आहे. एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होत नाही. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शनही घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. कंपनीने चुकून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात केली असेल तर ती परत मागावी.

राहिला पैशाचा व्यवहार. ‘डिपॉझिट भरा, ऑफर लेटर पाठवतो’ म्हणणारी कंपनी खरी नसते. खरे खर्च असतात ते व्हिसा शुल्क, सेविस शुल्क (एफ-१ ला ३५०, जे-१ इंटर्नला २२० डॉलर) आणि जे-१ असेल तर स्पॉन्सरची फी. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर आहे, तिथे नाव नसेल तर विषय संपला. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो आणि ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमध्ये आयटी नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबलं जात होतं. ऑनलाइन पैसे पाठवून फसवणूक झालीच, तर लाजेखातर दोन दिवस घरात दडवून ठेवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधीच ते गोठवता येतात.