नखाएवढे चित्र

कामगार युनियनच्या माणसाने चित्रांवर बोलावे हे ऐकून काहींना हसू आले असेल. मला स्वतःला चित्र काढता येत नाही आणि शाळाही सातवीनंतर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. पण चालत्या माणसाची नजर क्षणभर कशी थांबवावी हा प्रश्न मात्र माझ्या धंद्यातलाच आहे.

एका जिनाच्या फाटकासमोर मी पहिला फलक लावला, त्याला आता बरीच वर्षे झाली. अकरा मागण्या होत्या आणि अकराही मी त्यावर लिहून घेतल्या. पाळी बदलताना माणसे आली, माणसे गेली. एकानेही मान वळवली नाही. फलक रंगवणारा पेंटर मला म्हणाला, “भाऊ, सायकलवरच्या मानसाले दोनच शब्द दिसते. बाकीचे तुमचे तुमीच वाचा.” दुसऱ्या दिवशी त्याने पांढऱ्यावर तांबड्याने फक्त ‘आठ तास’ एवढे लिहिले. संध्याकाळी त्या फलकाखाली घोळका उभा होता, आणि उरलेल्या दहा मागण्या मी तोंडाने सांगितल्या.

हे आठवावयास कारण झाले आमच्या वस्तीतली एक मुलगी. आई जिनात रेजा. मुलगी कॉलेजात जाते आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या टॅबलेटवर चित्रे काढते. रंग नाही, कागद नाही. सगळे त्या काचेवर. तिने आपल्या धामणगाव स्टेशनचा फलाट काढला होता: पहाटेची वेळ, कापूस वेचायला निघालेल्या बाया, गठोडी, भाकरीचे डबे, वर एक पिवळा दिवा. वीस दिवस खपली होती. चित्र पाहून मी गप्पच झालो. पण तिने ते इन्स्टाग्रामवर लावले तेव्हा तिकडे कोणी फिरकले नाही. “काकाजी, एवढं काढलं, कोनी उघडूनच नाही पाह्यलं,” ती म्हणाली. मी तिचा फोन हातात घेतला, आणि मला माझा अकरा मागण्यांचा फलक दिसला.

लोक चित्र पाहतात ते नंतर. आधी पाहतात ते त्याचे इवलेसे रूप, ज्याला थंबनेल म्हणतात. शब्दाचा अर्थ अंगठ्याचे नख, आणि नाव अगदी यथार्थ आहे. फोनचा पडदा रुंदीला सुमारे सात सेंटिमीटर. एका ओळीत तीन चित्रे बसवली की एकेकाच्या वाट्याला दोन-सव्वादोन सेंटिमीटर येतात. त्या नखाएवढ्या जागेत पाहणाऱ्याचा अंगठा थांबला तर चित्र उघडते, नाही तर पुढे सरकते.

चित्र लहान होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. त्या मुलीचे चित्र आडवे 3000 आणि उभे 4000 ठिपके, म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख. ते 300 गुणिले 400 एवढे केले की उरतात 1 लाख 20 हजार. म्हणजे मूळच्या दर शंभर ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका, आणि त्याचा रंग त्या शंभरांच्या सरासरीचा. पन्नास काळे आणि पन्नास पांढरे असतील तर तो एक राखाडी होतो. स्वच्छ रुई आणि डागी कापूस एका ढिगात घातला की सगळा ढीगच मळकट दिसतो, तसेच हे. लुगड्याचा काठ, डोळ्यांतली चमक, केसांची रेघ ही सगळी बारीक नक्षी सरासरीत विरघळते. टिकतात ते मोठे आकार आणि उजेड-अंधाराचा ठळक भेद. तिच्या फलाटावरच्या चाळीस बाया मिळून एक तपकिरी डाग झाल्या होत्या.

ही अडचण आजची नाही. आपल्या वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी रेल्वे आली, ती 1867 साली नागपूरला पोचली. या लोहमार्गावरून कापूस मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई, आणि मँचेस्टरचे कापड होऊन परत बाजारात येई. त्या कापडाच्या ताग्यावर एक रंगीत कागदी चिठ्ठी डकवलेली असे. तिच्यावर देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे यांची चित्रे. ज्याला वाचता येत नव्हते ते गिऱ्हाईक चित्रावरून कापड मागे: हत्तीवाले द्या, लक्ष्मीवाले द्या. तळहाताएवढ्या त्या कागदावर अख्ख्या गिरणीची पत उभी होती. अशा खुणांची नक्कल होऊ नये म्हणून इंग्लंडात 1875 साली नोंदणीचा कायदा झाला आणि 1876 च्या पहिल्या दिवसापासून नोंदवही उघडली. कापूस पिकवणाऱ्याची आणि सूत काढणाऱ्याची खूण मात्र त्या चिठ्ठीवर कधीच नव्हती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज टिकलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. आणि दीनानाथ दलाल! त्यांनी 1945 साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. पुस्तकाच्या दुकानात वीस-पंचवीस अंक एकमेकांवर चढवून मांडलेले असत. त्यातून दलालांचे मुखपृष्ठ दुरून ओळखू येई. का? एक मुख्य आकृती, तिची ठाम बाह्यरेषा, मागे सपाट रंग. आतल्या कथांतला एकही प्रसंग त्या मुखपृष्ठावर दाखवलेला असेलच असे नाही. मुखपृष्ठ हे स्वतंत्र काम आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. रघुवीर मुळगावकरांचेही तेच. आजच्या नखचित्राची जात हीच आहे, फक्त त्याला दुकानाच्या फळीएवढीही जागा मिळत नाही.

तेव्हा त्या मुलीला मी सांगितले, सगळा फलाट दाखवू नकोस, त्यातले एक काही दाखव. ते काय असावे यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, तो पिवळा दिवा घे, कारण काळ्यावर पिवळे लांबून दिसते. ती म्हणाली, दिवा कुठलाही असतो. तिच्या मनात होता म्हाताऱ्या बाईचा हात, गठोडीची गाठ आवळणारा. दोन्ही कापून नखाएवढे करून पाहिले. डोळे बारीक करून पाहिले, रंग काढून काळेपांढरे करून पाहिले. ही परीक्षा प्रत्येकाने करावी, पैसा लागत नाही. काळ्यापांढऱ्यात जे ओळखू येत नाही, ते रंगांतही नखाएवढ्या जागी तरत नाही. दिवा उत्तम दिसला, पण नुसता ठिपका वाटला. हात ओळखू आला, पण पार्श्वभूमीत मिसळत होता. तिने हातामागचे लुगडे थोडे गडद केले आणि हात सुटून वर आला. मी हार पत्करली.

मात्र कुठून कापावयाचे हे आपण ठरवले नाही तर यंत्र ठरवते. ते बहुधा मधोमध कापते, आणि उभ्या चित्रातल्या माणसाचे डोके उडते. यूट्यूबवर चित्र काढतानाची फीत लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात धरावे: उजव्या खालच्या कोपऱ्यात फितीची वेळ येऊन बसते, तिथे महत्त्वाचे काही ठेवू नये. आणि अक्षरे घालावयाची असतील तर आपल्या देवनागरीची अडचण ओळखावी. रोमन अक्षर लहान झाले तरी बरेच टिकते. आपली मात्रा, रफार, अनुस्वार हे आधीच लहान, ते पहिल्यांदा जातात. ‘संप’ लिहावे तर टिंब उडून ‘सप’ उरतो. माझ्यासारख्याला हे परवडणारे नाही. दोन-तीन शब्द, जाड ठशात, नाही तर अक्षरेच नकोत.

आता एक नाजूक मुद्दा. कोणीतरी त्या मुलीला सल्ला दिला होता की एखाद्या सुंदर तरुणीचा चेहरा लाव, चित्रात नसला म्हणून काय झाले, लोक उघडतील. उघडतील हे खरे. पण आत तो चेहरा नाही असे दिसताच निघून जातील, आणि तिची चित्रे पुन्हा उघडणार नाहीत. मी खोट्या आश्वासनांची पत्रके छापणारे पुढारी पाहिले आहेत. त्यांची दुसरी सभा भरत नाही. यूट्यूबने 2024 साली एकाच फितीला तीन नखचित्रे लावून तुलना करण्याची सोय सर्वत्र दिली. तिच्यात विजयी कोण हे ठरते ते किती जणांनी उघडले यावर नाही, लोक किती वेळ पाहत राहिले यावर. बाजारालाही हे कळलेले दिसते.

तरीही सगळी जबाबदारी चित्रकारावर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. दुकान ज्याचे, फळीही त्याची. इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षे चौरस खिडक्या होत्या. अनेकांनी नऊ-नऊ चित्रे जुळवून आपले पान सजवले होते. जानेवारी 2025 मध्ये खिडक्या उभ्या झाल्या आणि ती जुळणी मोडली. विचारले कोणाला? हजेरीची वेळ रातोरात बदलणारा मालक आणि हा, मला यांत फार अंतर दिसत नाही.

पण याच नखाएवढ्या चित्रांनी एकदा फळी अडवली होती. 2022 मध्ये आर्टस्टेशन या चित्रकारांच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे मांडली जाऊ लागली. ही यंत्रे चित्रकारांच्याच कामावर, त्यांना न विचारता शिकवलेली. तेव्हा देशोदेशींच्या चित्रकारांनी आपापल्या चित्राऐवजी एकच चित्र लावले: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी आद्याक्षरांवर तांबडी काट. पहिले पान उघडावे तर खिडकीमागून खिडकी तीच काट. ना एक भाषा, ना एक गाव, ना वर्गणीची पावती! आपले काम यंत्राच्या शिकवणीस वापरू नये अशी खूण लावण्याची सोय त्या कंपनीने त्यानंतर दिली. त्या खुणेने सगळे थांबले असे नाही. पण मी तीस वर्षे फाटकांवर उभा राहिलेला माणूस, ती खिडक्यांची रांग पाहून मला कोणाच्या तरी खांद्याला खांदा लागल्यासारखे वाटले.

मुलीने हाताचे चित्र लावले. लोक उघडू लागले. फार नाही, पण उघडणारे खाली उतरून सगळा फलाट पाहू लागले. दिवाळीनंतर पुण्याच्या एका गृहस्थांनी छापील प्रत मागितली आणि किंमत विचारली. ती धावत कचेरीत आली. “काकाजी, किती सांगू?” मजुरीचे दर ठरवण्यात माझे आयुष्य गेले, पण मला उत्तर सुचेना. मग आम्ही कागद घेतला आणि वीस दिवसांचे तास मोजावयास बसलो.