व्हॉल्यूमचं बटण कोणाच्या हातात?

डीजे सुरू झाला की ज्याचा जीव घाबरा होतो, तोच मुलगा रात्री कानाला हेडफोन लावून हेवी मेटल ऐकत शांत झोपतो! हे कसं काय बुवा?

कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवणारं कोणी तुमच्या घरात आहे का? आमच्याकडे आहे. माझा मामेभाऊ. मी शिरूरची, नोकरीला खराडीत. मामा दौंडला, रेल्वेत. त्यामुळे सुट्टी म्हटलं की आमची वारी ठरलेली, कधी ते आमच्याकडे घोडनदीला (आजी शिरूरला अजून घोडनदीच म्हणते), कधी आम्ही त्यांच्याकडे.

गोष्ट २०१७ च्या मे महिन्यातली. माझ्या दादाची हळद होती. दारात डॉल्बीची भिंत उभी, खिडक्यांची तावदानं थरथरतायत, आख्खी भावकी नाचतेय. आणि हा गायब! शोधत गेले, तर घरामागे उभ्या असलेल्या टेम्पोच्या केबिनमध्ये गुडघ्यात डोकं घालून बसलेला. कानावर भलेमोठे हेडफोन. मी वैतागून त्याचा हेडफोन ओढला आणि स्वतःच्या कानाला लावला. आई गं! कोणीतरी घशातून गुरगुरतंय, मागे मळणी यंत्र चालू असल्यासारखे ड्रम्स. म्हणजे डीजे सहन होत नाही, आणि हे चालतं?

‘नाटकं आहेत नुसती!’ मी सगळ्यांसमोर म्हणाले. तो काहीच बोलला नाही. न जेवताच झोपला.

नाटक नव्हतं ते

पुढच्या वर्षी मामा त्याला पुण्यात तज्ज्ञांकडे घेऊन गेले. तो ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, हे वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांबद्दलची कमी किंवा जास्त संवेदनशीलता २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत धरली जाते. आपला मेंदू नको ते आवाज आपोआप मागे ढकलतो, पंख्याची घरघर आपल्याला दहा मिनिटांत ऐकू येईनाशी होते. काहींच्या बाबतीत ही चाळणी वेगळी चालते. सगळे आवाज एकदम, सारख्याच जोरात आत येतात. ऑटिझम नसलेल्यांनाही हा त्रास असू शकतो. कोणाला साधे आवाजही दुखतात, तर कोणाला शेजारच्याचं मचमच खाणं ऐकून अंगाची लाही होते. (ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये आपलाही अनुभव असेलच!)

ठीक आहे. पण मग मेटल कसं चालतं?

हे मी त्यालाच विचारलं, दौंडला मामांच्या क्वार्टरच्या ओट्यावर. पलीकडे यार्डात शंटिंग चाललेलं. तो म्हणाला, ‘ताई, मला रेल्वेचा त्रास होत नाही. कुठली गाडी कधी येणार ते मला पाठ आहे.’ खरंच होतं ते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची दौंडला इंजिनं काढून दुसऱ्या टोकाला लावायची, तो सगळा खडखडाट त्याने लहानपणापासून ऐकलेला. कॉर्ड लाइन झाली आणि बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या, तेव्हा त्याला उलट चुकल्यासारखं झालं!

‘आणि मेटलमध्ये पुढचा ठोका कुठे पडणार ते मला माहीत असतं. डीजेवाला कधी काय करेल सांगता येतं का?’

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. प्रश्न आवाज किती मोठा, एवढाच नव्हता. तो कोणी लावला, कधी थांबणार आणि बंद करायचं बटण कोणाच्या हातात, हा होता.

भिंतीसारखा आवाज

मेटलची रचनाही इथे मदतीला येते. गिटारचा आवाज ‘डिस्टॉर्शन’मधून गेला की त्यातला लहानमोठेपणा कमी होतो आणि एकसलग, दाट भिंत तयार होते. खाली डबल बेस ड्रमचा नेमका ठेका. त्या भिंतीआड बाहेरचा हॉर्न, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी, शेजारचा मिक्सर, सगळं लपून जातं. त्याचा लाडका बॅण्ड म्हणजे स्वीडनचा ओपेथ. त्यांचा २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा अल्बम त्याला तोंडपाठ आहे. त्यात मध्येच सगळं शांत होतं, मध्येच वादळ येतं. पण कुठलं वादळ कधी, हे माहीत असल्यावर दचकायचं कशाला?

असलं संगीत ऐकून पोरं बिघडतात, हिंसक होतात, असं म्हणणारे काका आपल्या सगळ्यांकडे असतात. त्यांना सांगा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये अशा संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी मुद्दाम राग आणला गेला. मग काहींना १० मिनिटं त्यांच्या आवडीची गाणी दिली, काहींना नुसतं शांत बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, शांत बसलेल्यांइतकेच तेही निवळले. हा अभ्यास संवेदनशील कानांचा नव्हता, हे खरं. आणि अशा सगळ्यांनाच मेटल मानवतं असंही नाही. काहींना ते दोन सेकंदही सोसत नाही. ज्याचे कान, त्याची निवड!

२०१९ च्या शेवटी ओपेथ पुण्यात एनएच-सेव्हन विकेण्डरला आले, तेव्हा आम्ही दोघं गेलो. महिनाभर आमची तयारी चालली होती. गर्दीच्या कडेची जागा, बाहेर पडायचा रस्ता आधीच बघून ठेवलेला, त्याच्या कानात संगीतकार वापरतात तसे इअरप्लग. हे प्लग सूर न बिघडवता सगळाच आवाज थोडा खाली आणतात. मधल्या एका गाण्याला तो बाहेर जाऊन बसला, पाणी प्यायला, परत आला. तो इतक्या लोकांत हसताना मी पहिल्यांदा पाहिला.

एवढं तरी करू या

• हेडफोनवर ऐकताना जागतिक आरोग्य संघटनेचं माप लक्षात ठेवा. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल. मेटल असो की भावगीत!

• कॉन्सर्टमध्ये इअरप्लग लावण्यात लाज कसली? त्याच संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि शांत बसायला वेगळी जागा असावी, असं सुचवलंय.

• पण दिवसभर कान झाकून ठेवू नका. कान आणखी हळवे होऊ शकतात.

• देशाचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हळदीत हे आठवायला हरकत नाही.

माझी हळद

गेल्या वर्षी माझं लग्न झालं, शिरूरलाच. डॉल्बी नको म्हटल्यावर घरात आठवडाभर महाभारत! ‘लोक काय म्हणतील? पैसे संपले म्हणतील!’ शेवटी पप्पा सनई आणि हलगीवर राजी झाले. मी दौंडला मेसेज टाकला, ‘हलगी संध्याकाळी साडेसहाला सुरू, पावणेसातला बंद.’

सहा पंचविसाला तो दारात हजर! कानावर इअरमफ, हातात मोबाइल, हलगीवाल्यापासून दहा पावलांवर उभा. बोटं मांडीवर ठेका धरत होती. पावणेसातला हलगी थांबली, तसा तो माझ्याजवळ आला. हळदीच्या हाताने मी म्हणाले, ‘तेव्हा सगळ्यांसमोर नाटकं म्हणाले होते ना, सॉरी रे.’

तो थोडा वेळ गप्प राहिला.

‘ते ठीक आहे, ताई. तू न विचारता माझा हेडफोन काढलास ना, ते जास्त लागलं होतं.’