लॅपटॉप कितीला पडतो?

बारावीचा निकाल लागला आणि कॅप राउंडची धावपळ सुरू झाली की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता हिला लॅपटॉप लागेल.’ त्यामागोमाग दुसरं, ‘साधारण कितीपर्यंत येतो?’ मग घरातला सगळ्यात ‘टेक्निकल’ माणूस, म्हणजे बहुतेक वेळा आयटीतला आतेभाऊ, एक आकडा सांगतो. पन्नास हजार! तो आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही. पण त्याच आकड्यावर एफडी मोडली जाते, भिशीचा नंबर आधी मागून घेतला जातो, नाहीतर काकांच्या क्रेडिट कार्डाची आठवण निघते.

या पानासाठी लिहायला लागल्यापासून मला ज्युनिअर्सचे मेसेज येतात, ‘ताई, हा घेऊ का?’ सोबत स्क्रीनशॉट. त्यात काट मारलेली मोठी किंमत, खाली ठळक छोटी किंमत आणि बाजूला लाल रंगात सूट. त्या फोटोवरून लॅपटॉप कसा आहे ते कळत नाही. आणि गंमत म्हणजे तो कितीला पडेल, हेही कळत नाही.

आधी सिलॅबस उघडा

सगळे सुरुवात कंपनीपासून करतात. डेल की एचपी, लेनोवो की असुस. खरं तर सुरुवात कॉलेजच्या सिनिअर्सपासून करायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कुठलं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, एवढा एकच प्रश्न. आर्किटेक्चरला रेव्हिट लागतं, मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स. ही दोन्ही विंडोजसाठी बनवलेली आहेत. त्यामुळे ‘घ्यायचाच तर मॅकबुक’ म्हणून लाखभर रुपये घातले, तरी तिथे अडणारच. कॉमर्सला टॅली, एक्सेल आणि पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर, त्याला गेमिंग लॅपटॉपची गरज नाही. आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांना व्हिडिओ एडिटिंग करायचं असतं. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम आहे, पण ती मशीनकडून काम करून घेते. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याचे पैसे आपण रॅम आणि ग्राफिक्समध्ये भरतोच.

यादी हातात आली की मग कन्फिगरेशन. इथे दुकानदार ‘आय५ आहे मॅडम, एकदम फास्ट’ एवढं बोलून मोकळा होतो. आय५ हे आडनाव झालं, त्या घरात सगळ्या स्वभावाची माणसं असतात. १३३४यू आणि १३४२०एच, दोन्ही आय५, दोन्ही तेराव्या जनरेशनचे. शेवटच्या अक्षराकडे बघा. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी पुरवणारा. ‘एच’ म्हणजे जास्त दमाचा, त्याचबरोबर जास्त तापणारा. एडिटिंग करणाऱ्याने एच बघावा. लेक्चर टू लेक्चर फिरणाऱ्या, नोट्स काढणाऱ्या माणसाला यू पुरतो.

एएमडीच्या नावांत तर आणखी मजा. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून तो सात हजारांच्या मालिकेतला, म्हणजे नवाकोरा वाटतो. पण त्या मालिकेत तिसरा आकडा खरी गोष्ट सांगतो. तिथे २ आहे, म्हणजे आत ‘झेन २’ रचना, जी पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. त्याच मालिकेतल्या ७५४०यू मध्ये ‘झेन ४’ आहे. नावात फरक एका आकड्याचा, आतमध्ये दोन पिढ्यांचा. पुढे कंपनीने नावांची पद्धतच बदलली, त्यामुळे हा फॉर्म्युला सगळीकडे लावू नका. पण सेलमध्ये स्वस्तात दिसणाऱ्या मॉडेल्सवर तो अजून उपयोगी पडतो.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ४०५० असं लिहिलेले दोन लॅपटॉप सारखे असतील असं नाही. लॅपटॉपमधलं हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवलं जातं, कंपनी किती वीज देते त्यावर. बारीक, देखण्या मशीनमध्ये ते उपाशीपोटी काम करतं. स्टिकरवर वॉट लिहिलेले नसतात, कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर शोधावे लागतात. सापडले नाहीत तर माझ्या मते तो लॅपटॉप सोडून द्यावा.

आणि स्क्रीन! हिच्याकडे कुणी बघतच नाही. बजेट लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी कात्री इथे लागते. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं की रंग फिके आहेत. फोटो, डिझाइन, व्हिडिओ करणाऱ्यांनी ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं शोधावं, नाहीतर तुम्ही लॅपटॉपवर केलेलं पोस्टर फोनवर भलतंच दिसेल. ब्राइटनेस २५० निट्स असेल तर खिडकीजवळ बसून काम करणं विसरा.

‘रॅम नंतर टाकू’

बजेट ताणलं की हे वाक्य येतं. आठ जीबीवर भागवू, पुढच्या वर्षी वाढवू. यात दोन अडचणी आहेत. पहिली, बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. जादा स्लॉट नसेल तर नंतर काहीच टाकता येत नाही. घेतानाच विचारा, ‘स्लॉट आहे का? किती? कमाल किती जीबी?’ दुसरी अडचण बाजारातली. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटर्ससाठी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढली की तुमच्या-आमच्या रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढले. ‘नंतर स्वस्त होईल’ हा कॉम्प्युटरच्या बाबतीतला जुना समज सध्या तरी भरवशाचा नाही.

आठ जीबीतले पूर्ण आठही हाती लागत नाहीत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅममधला वाटा घेतं. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’साठी किमान १६ जीबीची अट घातली. तुम्हाला ते एआयचं काही नको असेल, हरकत नाही, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते यातून कळतं. चार वर्षं वापरायचा असेल तर १६ पासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

स्टोरेजमध्ये ५१२ जीबी घेतलं आणि विंडोजने ४७६ दाखवलं तर भांडायला जाऊ नका. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही, नुसतं गणित आहे.

एकेक पायरी वर चढण्याची किंमत किती असते हे बघायचं असेल तर ॲपलकडे बघा. २०२५ मध्ये एम४ चिपचा मॅकबुक एअर भारतात आला तो १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजला ९९,९०० रुपयांना. स्टोरेज ५१२ हवं तर १,१९,९००. म्हणजे वरच्या २५६ जीबीचे वीस हजार! विंडोजच्या दुनियेत उडी इतकी मोठी नसते, पण ‘फक्त चार हजार जास्त, फक्त सहा हजार जास्त’ करत आपणही पंधरा हजार वर चढतोच.

बिलाच्या आधी आणि बिलानंतर

आता खरा हिशेब. छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. ५९ हजारांच्या लॅपटॉपमध्ये मूळ किंमत ५० आणि कर ९ हजार. म्हणूनच कधीकधी ‘बिल नको असेल तर कमी करतो’ अशी ऑफर कानावर येते. मोह होतो. पण बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी हात वर, शिवाय ग्राहक मंचात जायला हातात कागदच नाही.

‘दहा टक्के इन्स्टंट डिस्काउंट’च्या खाली बारीक अक्षरांत ‘कमाल १,५०० रुपये’ असं असतं. साठ हजारांवर ते अडीच टक्के झाले.

नो कॉस्ट ईएमआयचं नाव तर फारच गोड. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना चाप लावला. तेव्हा बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा केलेली असते. मात्र व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, प्रोसेसिंग फीसुद्धा. साठ हजार, सहा हप्ते, १५ टक्के दर धरला तर व्याज होतं साधारण २,५४०, त्यावर जीएसटी सुमारे ४५७, आणि १९९ ची फी करासकट २३५. म्हणजे ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट ६९० रुपयांच्या आसपास. फार नाही, खरंय. पण दुकानात ईएमआय घेतल्यावर रोखीची सूट मिळत नसेल तर ती सूटही या खर्चातच धरायची.

गेल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये बसून एका ज्युनिअरचा हिशेब मांडला. वडिलांची गावाला पिठाची गिरणी. त्यांनी सांगून ठेवलेलं, साठच्या वर एक रुपया नाही. तिने निवडलेला लॅपटॉप ५८,९९० चा, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा. बसतोय की, असं तिचं म्हणणं. मग आम्ही वहीत लिहायला लागलो. शूटचं फुटेज ठेवायला एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क ५,२००. माउस ४५०. वॉरंटी एका वर्षाची, त्यात पडणं-फुटणं-चहा सांडणं धरलेलं नाही. हॉस्टेलवर राहायचं म्हणजे ते लागणारच, वाढीव वॉरंटीसकट ४,५००. ईएमआयचे ६७०. कार्डाची सूट वजा १,५००. बॅग फुकट. बेरीज ६८,३१०. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती.

मग उलटं चाललो. साठमधून आधी सोबतचा खर्च बाजूला काढला आणि उरलेल्यात लॅपटॉप शोधला. ५०,९९० ला मिळाला. ग्राफिक्स कार्ड नाही, पण १६ जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा आणि स्क्रीन १०० टक्के एसआरजीबीची. ईएमआय रद्द. सगळं धरून ५९,६४०. मोठे प्रोजेक्ट कॉलेजच्या एडिट लॅबमध्ये करायचे असं ठरलं. हे तिला फारसं आवडलं नाही, आणि तिचं चुकीचं आहे असंही नाही. लॅब पाचला बंद होते. उरलेल्या ३६० रुपयांत पेन ड्राइव्ह घे म्हटलं तर ती हसली.

ज्यांनी शैक्षणिक कर्ज काढलंय त्यांनी बँकेत एकदा विचारून बघा. बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या मॉडेल योजनेत अभ्यासक्रमासाठी गरजेचा असेल तर कॉम्प्युटरचा वाजवी खर्चही धरता येतो. कोटेशन जोडावं लागतं. फी भरण्याच्या गडबडीत ही गोष्ट राहून जाते आणि मग तोच लॅपटॉप महागड्या ईएमआयवर घेतला जातो.

ऑफिसचं सॉफ्टवेअर सोबत आहे का तेही तपासा. अनेक मॉडेल्सबरोबर कायमस्वरूपी ऑफिस मिळतं, काहींबरोबर नुसती ट्रायल. कॉलेजचा मेल आयडी असेल तर वेबवरचं ऑफिस फुकट मिळू शकतं. नाहीतर लिबरऑफिस आहेच.

जुना घ्यायचा तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारलीत तर कंपन्यांनी काढून टाकलेले जुने लॅपटॉप रांगेने मांडलेले दिसतील. थिंकपॅड, लॅटिट्यूड, दणकट माल. पंचवीस हजारांचं बजेट असेल तर नव्या कामचलाऊ लॅपटॉपपेक्षा मी यातला एखादा बघेन. पण जनरेशन बघून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनचे लॅपटॉप स्वस्तात निघतायत. ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणतील, टाकतातही जुगाड करून. पुढे अपडेटचं काय, हे तुम्हीच बघायचं. लिनक्स वापरणार असाल तर मात्र हेच लॅपटॉप सोन्यासारखे आहेत. जुन्याच्या हिशेबात नव्या बॅटरीचे पैसे धरूनच ठेवा.

नवा घ्या नाहीतर जुना, घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास द्या. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ करा. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेला पिक्सेल शोधा. सगळे पोर्ट, सगळी बटणं, कॅमेरा, माइक तपासा. रॅम आणि प्रोसेसर बिलावरच्या मॉडेलशी जुळवा. मग खालचा सीरिअल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झालीय ते बघा. माल दुकानात पडून राहिलेला असेल तर ती तारीख तुमच्या बिलाच्या आधीची निघते. तसं झालं तर बिल पाठवून ती दुरुस्त करून मागता येते. बदलून देण्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते, तोवर बॉक्स आणि आतला थर्माकोल जपून ठेवा. आईने रद्दीत घालायच्या आत.