खिशांतली स्वरलिपि

मोबाईलवर चाल बांधण्याचें अ‍ॅप रचणारे बहुधा आधीं पियानोच चितारतात. त्याच्या पट्ट्या ८८. तळहाताएवढ्या पडद्यावर त्या दाटीनें बसविल्या, कीं आंगठा ठेवावा गांधारावर आणि वाजावा मध्यम, असा प्रकार होतो. आमच्या मतें येथें पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपि अधिक उपयोगी पडेल. कोमलास खालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमास वर उभी. मंद्रास खालीं बिंदु, तारास वर. म्हणजे बारा ठसठशीत कळा आणि सप्तक बदलणाऱ्या दोन, एवढ्यांत काम भागतें. मींड मात्र कळ दाबून निघत नाहीं. तिला बोट घसरविण्याचीच सोय हवी. शिवाय अ‍ॅप उघडतांच लेखन सुरू झालें पाहिजे; नांव, पत्ता व परवलीचा शब्द विचारीत बसल्यास सुचलेला अंतरा कोठचा टिकतो!