बांगड्या हातातच राहिल्या!

लोहगडाचा विंचूकाटा आपण गडावरून पाहतो, समोरच्या विसापूरवरूनही पाहतो. पण डोंगराची ती लांब, निमुळती सोंड खरोखर विंचवाच्या नांगीसारखी आहे, हे पुरते कळते ते आभाळातल्या पाखरालाच. उद्धव ठाकरे यांनी हवेतून टिपलेल्या गडकिल्ल्यांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० मध्ये आले, तेव्हा पाखराची ही नजर घराघरांत पोचली. त्यासाठी तेव्हा हेलिकॉप्टर लागले होते. आज तेच काम खांद्याच्या पिशवीत मावणारे यंत्र करते. त्याला आपण ड्रोन म्हणतो.

माझा भाचा कामशेतला लग्नाचे फोटो काढतो. एके दिवशी तो म्हणाला, ''मामू, हल्ली लग्नघरचे पहिल्यांदा हेच विचारतात, ड्रोन आहे का? नाही म्हटलं की काम दुसऱ्याकडे जातं.'' माझ्या आपाने काही न बोलता हातातल्या बांगड्या काढून पुढे ठेवल्या. त्या आमच्या अम्मीच्या. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातले मला काय कळणार? पण त्या बांगड्या पाहिल्या आणि ठरवले, निदान महिनाभर विचारपूस करू. त्यातून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हे, वजनाचा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र 'नॅनो', त्यापुढे दोन किलोपर्यंतचे 'मायक्रो'. नॅनोसाठी चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवले तरी लागत नाही. मात्र पैसे घेऊन काम करायचे, तर लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण हवे. मायक्रोला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही लागतो. शिवाय यंत्राची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. तेव्हा पावतीशिवाय 'स्वस्तात' मिळणाऱ्या यंत्राला भुलू नये. नोंदणी अडते, आणि बिघडले तर दाद मागायची कुणाकडे?

दुसरी गोष्ट डोळ्याची. जाहिरातीत मेगापिक्सेलचे आकडे मोठे असतात. विचारावे ते सेन्सरच्या आकाराविषयी. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारे अंगण. अंगण मोठे तर प्रकाश जास्त. आपल्या मावळात धुके, ढग आणि लवकर उतरणारी सांज. तिथे लहान सेन्सरचे चित्र दाणेदार, मळकट येते. लग्नाची वरात तर रात्रीचीच! म्हणून धंद्यासाठी एक इंची किंवा त्याहून मोठा सेन्सर बरा. कॅमेरा तिन्ही अंगांनी सावरून धरणारा झुला, म्हणजे गिंबल, असलाच पाहिजे. भर उन्हात चित्रीकरण करताना भिंगावर काळसर काचही लावावी. नाहीतर शटरचा वेग फार वाढतो आणि चालणारी माणसे झटके खात चालल्यासारखी दिसतात.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. घाटाच्या कड्यावर वारा खालून वर उसळतो. माहितीपत्रकातला 'अर्धा तास' हा शांत हवेतला असतो. आम्ही एक ड्रोन चालवणाऱ्यासकट भाड्याने घेतला आणि नकाशात जागा तपासून पवनेकाठच्या एका शेतातून उडवून पाहिला. जाताना वारा पाठीशी होता, येताना तोंडावर. निम्मी बॅटरी शिल्लक असताना परत फिरवलेले यंत्र शेताच्या बांधावर पोचेपर्यंत इशाऱ्याची शिटी वाजू लागली. भाच्याचा चेहरा पांढराफटक! त्या दिवशी आम्ही शिकलो, की ड्रोनच्या किमतीत आणखी दोन बॅटऱ्यांची किंमत आधीच धरावी आणि वाऱ्याच्या दिशेने आधी जाऊन मग परतावे, ही वाट सोपी असली तरी महागात पडते. आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे परतीला वाराच आणून सोडतो.

डोंगरात आणखी एक फसगत होते. पडद्यावरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. कड्यावरून दरीवर गेलात, की खालची जमीन एकदम खचते. हिरव्या क्षेत्रातली १२० मीटरची मर्यादा तर जमिनीपासून धरतात. मध्ये डोंगर आला की संपर्क तुटतो. यंत्र आपोआप परतते खरे, पण परतीची उंची डोंगराहून जास्त ठेवलेली असेल तरच. बारीक विजेच्या तारा तर त्याच्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही.

आणि कुठे उडवू नये? लोणावळ्यात नौदलाचे आयएनएस शिवाजी आहे. तिथे हौस नको. लोहगड, कार्ले, भाजे ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणे, परवानगीशिवाय नकोत. लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कामशेतच्या आकाशात पॅराग्लायडिंग करणारी माणसे असतात. आपल्या चित्रापेक्षा त्यांचा जीव मोठा.

शेवटी काय झाले? मी भाच्याला म्हटले, ''आधी परवाना, मग यंत्र. हा हंगाम भाड्यावर काढ. कामे किती येतात ती वहीत लिही. आकडाच सांगेल घ्यायचे की नाही.'' तो थोडा हिरमुसला, पण प्रशिक्षणाला नाव घालून आला.

आपाने बांगड्या पुन्हा हातात चढवल्या. परवा चहा देताना त्या किणकिणल्या, आणि भाचा हळूच हसला.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)